टक्के आणि टोणपे

पाऊण सामनाभर चेंडूवर ताबा. पास हजाराच्या वर. आणि स्पेन स्पर्धेबाहेर!

१ जुलै २०१८, मॉस्को, विश्वचषकाची बाद फेरी. यजमान रशियाचे खेळाडू आपल्या गोलपुढे ठाण मांडून बसले आणि स्पेनवाले दोन तास त्यांच्यासमोर चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहिले. १-१ अशी बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये रशियाची ४-३ अशी बाजी. चार वर्षांनी कतारमध्ये स्पेनने मोरोक्कोविरुद्ध तोच कित्ता गिरवला. पुन्हा पासांचा पाऊस, पुन्हा तीन चतुर्थांश वेळ चेंडू आपल्याच पायात, १२० मिनिटांत गोल शून्य आणि टायब्रेकरमध्येही शून्य.

एवढं होऊनही पुढच्या सामन्याच्या मध्यंतराला टीव्हीवर पहिली पाटी येते ती ताब्याच्या टक्क्यांचीच. समालोचक ती वाचतात, चाहते तिच्यावरून वाद घालतात आणि हरलेल्या संघाने ‘वर्चस्व गाजवलं’ असं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. ही सवय मोडायला हवी. फुटबॉल मोजावा, भरपूर मोजावा, अगदी पेठेतल्या स्पर्धेपर्यंत मोजावा, या मताचा मी आहे. म्हणूनच सांगतो, ज्या आकड्याचं गोलाशी नातं लागत नाही, त्याला संघाच्या कामगिरीचं माप म्हणू नका.

ताबा कुणाचा, गोल कुणाचे?

८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते. जर्मनी ७, ब्राझील १. एकोणतिसाव्या मिनिटालाच ५-० झालं होतं. फुटबॉलच्या इतिहासात एवढ्या मोठ्या संघाचं, घरच्या मैदानावर, एवढं पानिपत क्वचितच झालं असेल. त्या सामन्यात चेंडूवर ताबा जास्त कुणाचा होता? ब्राझीलचा. ५२ टक्के.

७ नोव्हेंबर २०१२, ग्लासगो. बार्सिलोनाचा ताबा ८० टक्क्यांच्या वर, सामना सेल्टिकने २-१ जिंकला. १ डिसेंबर २०२२, कतार. जपानने स्पेनला २-१ हरवलं, तेव्हा जपानकडे चेंडू होता १७.७ टक्के. विश्वचषकात जिंकलेल्या संघाचा हा नोंदलेला सर्वात कमी ताबा. उत्तरार्धाच्या पहिल्या सहा मिनिटांत जपानने दोन गोल केले, आघाडी घेतली आणि मग मागे सरकून गड राखला.

खरी गोम या मागे सरकण्यातच आहे. पुढे गेलेला संघ चेंडू सोडून जागा धरतो. मागे पडलेल्या संघाला चेंडू आपोआप मिळतो, कारण तो त्याला मिळू दिला जातो. म्हणजे कित्येकदा ताबा जास्त म्हणून संघ हरत नाही आणि ताबा कमी म्हणून जिंकतही नाही. तो हरत असतो म्हणून ताबा जास्त दिसतो. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हेच त्या पाटीवर कळत नाही.

दुसरी गोम जागेची. आपल्या दोन बचावपटूंमध्ये आडवा फिरवलेला चेंडू आणि समोरच्या डीच्या तोंडाशी मिळवलेला चेंडू, दोन्ही या टक्केवारीत सारखेच धरले जातात. स्वयंपाकघरात किती वेळ गेला यावरून जेवण कसं झालं ते ठरत नाही. चेंडू किती वेळ पायात होता यावरून संघ कसा खेळला, हेही ठरत नाही.

ताबा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढू नका. प्रशिक्षक ग्वार्डिओला यांचे संघ चेंडू राखूनच जिंकत आले. पण त्यांच्याकडे ताबा हे समोरच्याची रचना फोडायचं हत्यार असतं. हत्यार किती वेळ हातात होतं हे मोजून लढाईचा निकाल सांगता येत नाही. हे स्पेनलाही अखेर कळलं. १५ जून २०२४ ला बर्लिनमध्ये युरो स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात क्रोएशियाकडे स्पेनपेक्षा जास्त ताबा होता. स्पर्धात्मक सामन्यांत स्पेनच्या बाबतीत असं १३६ सामन्यांनंतर पहिल्यांदाच घडलं. निकाल? स्पेन ३, क्रोएशिया ०. पुढे सातच्या सात सामने जिंकून स्पेनने करंडकही नेला.

पेन्सिलवाला विंग कमांडर

चुकीच्या मापाने केवढं नुकसान होतं याचा जुना दाखला इंग्लंडमध्ये आहे. १८ मार्च १९५० ची दुपार. स्विंडनच्या काउंटी ग्राउंडवर स्विंडन टाउन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स. प्रेक्षकांत हवाई दलातले चार्ल्स रीप बसलेले. पेशाने हिशेबनीस. चढाया होतायत आणि वाया जातायत हे बघून ते वैतागले आणि मध्यंतरानंतर वही-पेन्सिल काढून प्रत्येक चाल स्वतःच्या खुणांनी टिपू लागले. पुढची कित्येक वर्षं ते टिपतच राहिले. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह त्यांचा शोधनिबंध रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. फुटबॉल मोजणाऱ्या प्रत्येकाने या माणसाला आधी नमस्कार करावा, एवढी त्यांची चिकाटी.

पण निष्कर्ष? रीप यांना दिसलं की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. त्यांनी सांगून टाकलं, पास कमी करा, चेंडू लांब पुढे मारा.

आता त्यांच्याच आकड्यांनी हिशेब करू. एकूण चालींपैकी ९१.५ टक्के चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या. हजार चाली घ्या. त्यातल्या ९१५ छोट्या, ८५ लांब. दहा गोल झाले असं धरलं, तर आठ छोट्या चालींतून आणि दोन लांब चालींतून. म्हणजे छोट्या चालींत एका गोलासाठी ११४ चाली लागल्या, लांब चालींत ४२-४३. जी चाल अडीच पटींहून जास्त फळ देत होती, तीच बंद करा असा सल्ला रीप देत होते!

गणित चौथीच्या मुलाला जमेल असं, आणि तरी हा सल्ला टिकला. इंग्लिश फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षण संचालक चार्ल्स ह्यूज यांनी स्वतःची मोजणी करून जवळपास तोच मंत्र दिला आणि तो प्रशिक्षकांच्या पिढ्यांना शिकवला गेला. पोरांना चेंडू पायात घेऊन डोकं वर करायला शिकवायच्या ऐवजी तो हवेत भिरकावायला शिकवलं गेलं. १९९४ च्या विश्वचषकाला इंग्लंड पात्रही ठरलं नाही. त्या एका अपयशाचं सगळं खापर या मंत्रावर फोडता येणार नाही. पण चेंडू राखू शकणारे खेळाडू कमी का तयार झाले, याचं उत्तर शोधताना ती वही विसरता येणार नाही.

‘किती’ विचारून भागत नाही. ‘कितीपैकी किती’ हे विचारावंच लागतं. आकडेशास्त्राची ही पहिली पायरी आहे आणि फुटबॉलमध्ये अजूनही पाय तिथेच घसरतो.

मग मोजायचं काय?

संधी मोजा. संधीचा दर्जा मोजा. गेल्या दहा-बारा वर्षांत रुजलेला ‘एक्सजी’, म्हणजे अपेक्षित गोल, हेच करतो. फटका कुठून मारला, कोन किती होता, पायाने की डोक्याने, पास कसा आला, हे सगळं बघून तशा हजारो जुन्या फटक्यांपैकी कितींचा गोल झाला ते काढायचं. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ मिळतात, कारण शंभरातल्या तेवढ्या पेनल्टी आत जातात. तीस मीटरवरून हाणलेल्या फटक्याला शंभरात दोन-तीनच. अशी सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली की कुणी खऱ्या संधी निर्माण केल्या आणि कुणी नुसता धुरळा उडवला, हे वेगळं दिसतं. २०१७ पासून बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ कार्यक्रमात हा आकडा दाखवू लागले, तेव्हा जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. आज बहुतेक मोठे क्लब तो बघूनच खेळाडू विकत घेतात.

याची ताकद बघायची तर डॉर्टमुंडचा २०१४-१५ चा मोसम बघा. युर्गन क्लॉप यांचा हा संघ फेब्रुवारीत जर्मन लीगच्या तळाला होता आणि शेवटी कसाबसा सातवा आला. क्लॉप संपले, असं सगळे म्हणू लागले. तिकडे लिव्हरपूलमध्ये इयन ग्रॅहम हे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेले गृहस्थ आकडे तपासत होते. त्यांच्या हिशेबात डॉर्टमुंड हा त्या मोसमातला जर्मनीतला दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम संघ होता. नशीब मात्र फुटकं. लिव्हरपूलने ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप यांना आणलं.

महिन्याभराने ग्रॅहम कागद घेऊन क्लॉप यांच्या खोलीत गेले आणि माइन्झविरुद्धच्या सामन्याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. डॉर्टमुंडचे फटके जवळपास दुप्पट, पेनल्टी वाया गेलेली, वर एक स्वयंगोल, सामना ०-२ असा गमावलेला. आम्ही त्यांना चिरडलं होतं, तुम्ही तो सामना पाहिलात ना, असं क्लॉप उसळून म्हणाले. ग्रॅहम यांनी तो सामना पाहिलाच नव्हता. जे प्रशिक्षकाला मैदानाच्या कडेला उभं राहून जाणवलं होतं, तेच त्यांना कागदावर दिसलं होतं. पुढे लिव्हरपूलने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लिश लीगचं विजेतेपद घेतलं.

श्रीमंत क्लबांचीच ही चैन आहे असं समजू नका. लंडनच्या ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहम सट्टेबाजीच्या आकडेमोडीतून पैसा कमावलेले. त्यांनी तेच गणित क्लबला लावलं. बाकीच्यांच्या नजरेतून सुटलेले खेळाडू स्वस्तात घ्यायचे, घडवायचे आणि महागात विकायचे. ऑली वॉटकिन्स खालच्या विभागातल्या एक्झेटरकडून आला आणि तीन वर्षांनी अ‍ॅस्टन व्हिलाला २.८ कोटी पौंडांना गेला. २०२१ मध्ये ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात परतलं. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला नीट मोजण्याची गरज जास्त.

एका सामन्यावर निकाल देऊ नका

फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, म्हणून नशिबाला वाव मोठा. २२ नोव्हेंबर २०२२ ला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध तीन फटके मारले, त्यात दोन गोल झाले आणि सामना २-१ जिंकला. अर्जेंटिनाची ३६ सामन्यांची अपराजित मालिका तुटली. त्या दिवशी संधींचा हिशेब अर्जेंटिनाच्या बाजूने होता, गुणफलक सौदीच्या. २६ दिवसांनी विश्वचषक मेस्सीच्या हातात होता. एका दुपारच्या निकालावर संघ मोडीत काढला असता, तर अर्जेंटिनाने हातचा चषक घालवला असता.

आपल्याकडेही बघा. २०२२-२३ च्या आयएसएलमध्ये मुंबई सिटी पहिले १८ सामने हरली नाही. २० सामन्यांत ४६ गुण मिळवून साखळीतली शील्ड घेतली आणि उपांत्य फेरीत बंगळूरूपुढे टायब्रेकरमध्ये ८-९ अशी पडली. त्या मोसमातला सर्वोत्तम संघ कुठला, याचं उत्तर २० सामन्यांत मिळालेलं होतं. टायब्रेकरने फक्त अंतिम फेरीत कोण जाणार एवढंच ठरवलं. नंतर ‘मुंबई दडपणाखाली ढेपाळते’ अशी वाक्यं फेकणाऱ्यांनी पाच महिन्यांच्या हिशेबावर बोळा फिरवला.

आकड्यासाठी खेळणं

माप चुकीचं असलं की हुशार माणसं मापालाच खूश करायला लागतात. २०१८ पूर्वी फिफाची क्रमवारी सरासरीवर चालायची आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना वजन कमी असल्यामुळे ते खेळले की सरासरी खाली यायची. पोलंडने ते सामने टाळले, क्रमवारीत वर चढून विश्वचषकाच्या सोडतीत अव्वल संघांच्या पंगतीत बसलं आणि प्रत्यक्ष स्पर्धेत सेनेगल आणि कोलंबियाकडून हरून गटात तळाला गेलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्याच वर्षी फिफाने पद्धत बदलली.

मँचेस्टर युनायटेडने ऑगस्ट २००१ मध्ये याप स्टाम हा खंदा बचावपटू लॅझिओला विकला. त्याच्या टॅकलचा आकडा घसरला होता आणि निर्णयात त्याचाही वाटा होता, असं पुढे अनेकदा लिहिलं गेलं. पण चांगला बचावपटू आधीच योग्य जागी उभा असतो, त्याला टॅकल करावंच लागत नाही. न घडलेला गोल कुठल्या रकान्यात लिहिणार? युनायटेड त्या मोसमात तिसरं आलं आणि स्टामला विकणं ही चूक होती हे तेव्हाचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

आणि आपण?

भारतीय संघाने २०२३ मध्ये इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळूरूत घरच्या प्रेक्षकांसमोर तीन स्पर्धा जिंकल्या आणि जुलैत फिफा क्रमवारीत ९९ वा क्रमांक गाठला. पेढे वाटले गेले. सहा महिन्यांनी कतारमधल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरलो. केलेले गोल शून्य. बाहेरच्या मैदानावर, तगड्या संघासमोर आपण संधी किती निर्माण करतो, हा प्रश्न ९९ या आकड्याच्या आनंदात कुणी विचारला नव्हता.

त्याहून वाईट ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बातमी छापली की जून २०२२ मधल्या आशिया चषक पात्रता सामन्यांच्या वेळी तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी खेळाडूंची यादी एका ज्योतिषाकडे पाठवली होती. त्यातला अफगाणिस्तानविरुद्धचा सामना भारताने २-१ जिंकला. म्हणून ती पद्धत बरोबर ठरते का? अजिबात नाही. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय शहाणा ठरत नाही. आकडेशास्त्र नेमकं हेच शिकवतं आणि आपल्याला नेमकं हेच शिकायचं आहे. ज्या देशात रॉकेटचा मार्ग गणिताने ठरतो, तिथे अकरा खेळाडू कुंडलीने ठरावेत ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

सुरुवात वरून होणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सुरुवात कोल्हापुरातून होऊ शकते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस असे पेठापेठांचे संघ भिडतात, तेव्हा गॅलरीत उभं राहायला जागा नसते. या गावाने अनिकेत जाधव दिला, तो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. एवढं वेड, एवढी जुनी परंपरा, आणि सामना संपल्यावर लिखित उरतं काय? गोल कुणी केले, पिवळं कार्ड कुणाला. बाकी सगळं कट्ट्यावरच्या वादात विरून जातं.

महागडे कॅमेरे लागत नाहीत. रीप यांच्याकडे पेन्सिल होती, आपल्याकडे मोबाइल आहे. दोन कॉलेजकुमारांना वही देऊन बसवा आणि तीन रकाने आखा. डीच्या आतून फटके किती, बाहेरून किती आणि त्यातले गोल किती. चेंडू कुणी गमावला आणि तो आपल्या अर्ध्यात की समोरच्याच्या. कॉर्नर आणि फ्री किकपैकी किती वेळा पहिला स्पर्श आपला झाला. बस्स, एवढंच. पण प्रत्येक सामन्यात, प्रत्येक संघासाठी, पूर्ण मोसमभर, आणि वही सगळ्यांना बघायला खुली. कुठला पोरगा शांतपणे दहा सामने चेंडू न गमावता खेळतोय हे त्या वहीत दिसेल. आज तो फक्त त्याच्या प्रशिक्षकाला दिसतो, तोही त्या दिवशी हजर असला तर.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, मुंबई-पुण्याच्या जिल्हा संघटना, शाळांचे क्रीडाशिक्षक, तालीम मंडळांचे कार्यकर्ते, सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून वही उघडा. वीस सामने झाले की तिच्यातलं काय ते आम्हाला वाचायला द्या, या सदरात मी ते आनंदाने छापेन.